साइट नवीन होस्टिंगवर नेली आणि मेल गायब झाले, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न नीट दोनदा वाचला. मला समजलं ते असं: ऑफिसची साइट आणि आठ मेलबॉक्स जुन्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) होते. साइट बनवणाऱ्याने नवीन होस्टिंग घेतलं, साइट तिकडे कॉपी केली, डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) बदलले आणि नवीन पॅनलमध्ये त्याच नावाचे आठ मेलबॉक्स त्याच पासवर्डने उघडून दिले. साइट व्यवस्थित चालतेय. पण दुसऱ्या दिवसापासून आउटलुकमधले जुने मेल दिसेनासे झाले, काही जणांचे मेल येतात काहींचे येत नाहीत, तुम्ही पाठवलेले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात, आणि साइटवरच्या चौकशी फॉर्मचे मेल तर अजिबातच येत नाहीत. जुनं होस्टिंग दहा दिवसांत संपतंय. तुम्ही विचारलंय की नवीन होस्टिंग खराब निघालं का, आणि परत जुन्याकडे जावं का.

उत्तर पुढे सविस्तर देतो, पण त्याआधी एक काम आजच करून टाका. जुनं होस्टिंग बंद होऊ देऊ नका. एक महिना वाढवून मिळत असेल तर एक महिना, नाहीतर वर्षाचं रिन्यू करावं लागलं तरी करा, कारण तुमचे सगळे जुने मेल बहुधा अजून तिथेच, त्या सर्व्हरच्या डिस्कवर पडलेले आहेत आणि खातं बंद झालं की काही दिवसांत ते कायमचे जातात. दुसरं म्हणजे ऑफिसात एखादा लॅपटॉप असा असेल की जो या गडबडीनंतर उघडलेलाच नाही (कुणी रजेवर आहे वगैरे), तर तो नेटला जोडू नका. वायफाय बंद करून उघडा आणि आउटलुकमधून सगळे मेल पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवायची फाइल) एक्सपोर्ट करून घ्या. का ते खाली येईलच.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला चार वेगवेगळे प्रॉब्लेम दिसतायत पण माझ्या मते तो एकच आहे. नेमसर्व्हर बदलणं म्हणजे साइट हलवणं असं समजलं गेलं, आणि प्रत्यक्षात त्याने डोमेनचं सगळंच हललं. डोमेनच्या मागे तीन वेगळ्या जागा असतात. एक रजिस्ट्रार, जिथे डोमेन तुमच्या नावावर आहे आणि त्याचे नेमसर्व्हर कोणते हे लिहिलेलं असतं. दुसरी डीएनएस झोन, म्हणजे त्या नेमसर्व्हरवरची वही, साइट कुठे आहे, मेल कुठे घ्यायचे, तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला, हे सगळं त्या वहीत असतं. आणि तिसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, जिथे फाइल्स, डेटाबेस आणि मेल साठतात. होस्टिंग पॅनलमध्ये या गोष्टी एकाच पानावर शेजारीशेजारी दिसतात, त्यामुळे त्या एकच आहेत असं वाटतं. तुमच्याकडे वहीच बदलली. नवीन वही नवीन सर्व्हरने आपोआप तयार केलेली, कोरी, आणि तिच्यात जुन्या वहीतल्या तुमच्या नोंदी नाहीत.

हे लक्षात आलं की प्रत्येक लक्षणाचं कारण सापडत जातं. आउटलुकपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घाबरवणारं तेच आहे.

आउटलुक जर आयमॅपवर असेल (आजकाल बहुतेक तसंच असतं) तर तुमच्या कॉम्प्युटरवर दिसणारे मेल म्हणजे सर्व्हरवरच्या मेलबॉक्सचा आरसा आहे. सर्व्हरवर आहे ते इथे दिसतं, सर्व्हरवर नाही ते इथूनही निघून जातं. तुमच्या सेटिंगमध्ये इनकमिंग सर्व्हर म्हणून "मेल डॉट तुमचं डोमेन" असं असणार. नेमसर्व्हर बदलल्यावर हेच नाव नवीन सर्व्हरकडे जायला लागलं, तिथे त्याच नावाचा आणि त्याच पासवर्डचा मेलबॉक्स तयार होता, त्यामुळे आउटलुकने काही न विचारता लॉगिन केलं, मेलबॉक्स रिकामा दिसला, आणि आपल्याकडची कॉपीही रिकामी करून टाकली. पासवर्ड वेगळा ठेवला असता तर आउटलुक अडलं असतं, पासवर्ड विचारला असता, आणि कुणाच्या तरी आधीच लक्षात आलं असतं. म्हणून मी मेल हलवताना नवीन बाजूचे पासवर्ड मुद्दाम वेगळे ठेवतो आणि जुने मेल पूर्ण कॉपी झाल्यावरच लोकांना नवीन पासवर्ड देतो. लोक कटकट करतात, पण दर वेळी तेच करतो. एखादा पॉपवर असेल तर त्याचे उतरवलेले मेल त्याच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित आहेत, पॉप उतरवून घेतं, आरसा ठेवत नाही.

जुने मेल बघायचे असतील तर डोमेनच्या नावाने जाऊन उपयोग नाही, ते नाव आता नवीन सर्व्हरकडे जातं. जुन्या होस्टिंगच्या स्वागताच्या मेलमध्ये सर्व्हरचं स्वतःचं नाव किंवा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) असतो, त्याच्यापुढे पोर्ट २०९६ (म्हणजे शेवटी :2096) दिलं की वेबमेल उघडतं आणि २०८३ दिलं की सीपॅनल. आयपी वापरला तर ब्राउझर सर्टिफिकेटची वॉर्निंग देईल, म्हणून शक्यतो सर्व्हरचं नावच वापरा. एकेका मेलबॉक्समध्ये लॉगिन करून बघा, जुने मेल तिथे दिसले की अर्धी काळजी मिटली.

मग ते नवीन बाजूला आणायचे. याला दोनतीन रस्ते आहेत, आणि कोणता घ्यायचा हे मेल किती आहेत त्यावर आहे. दोन्हीकडे सीपॅनल असेल तर नवीन होस्टिंगच्या सपोर्टला विचारा की जुन्या खात्याच्या बॅकअपमधून फक्त मेल रिस्टोअर करून द्याल का. "फक्त मेल" हे दोनदा लिहा, कारण पूर्ण बॅकअप रिस्टोअर झाला तर नवीन साइटवर जुनी साइट येऊन बसेल. दुसरा रस्ता आयमॅपसिंक नावाचं टूल, ते एका मेलबॉक्समधून दुसऱ्या मेलबॉक्समध्ये फोल्डरसकट मेल कॉपी करतं, तारखा आणि वाचलेलं-न वाचलेलं तसंच ठेवतं, आणि पुन्हा चालवलं तर आधी आलेले मेल डबल करत नाही. मला हाच रस्ता आवडतो. आणि मेलबॉक्स लहान असतील तर थंडरबर्डमध्ये (मेल वाचायचं एक सॉफ्टवेअर) एकाच व्यक्तीची दोन खाती जोडा, एक जुन्या सर्व्हरच्या नावाने एक नवीन, आणि फोल्डर इकडून तिकडे कॉपी करा. कॉपी करा, मूव्ह नको. मधेच नेट गेलं तर मूव्ह कुठपर्यंत झालं हे शोधत बसावं लागतं. कोणताही रस्ता घेतला तरी सेंट फोल्डर विसरू नका, काही ठिकाणी त्याचं नाव "सेंट" असतं काही ठिकाणी "सेंट आयटम्स", आणि लोकांना सहा महिन्यांनी जे मेल लागतात ते बहुतेक आपणच पाठवलेले असतात.

आता काहींचे मेल येतात काहींचे नाही, त्याचं. डीएनएसची उत्तरं जगभरचे सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात, तो काळ म्हणजे टीटीएल. सीपॅनलमध्ये साध्या रेकॉर्डचा टीटीएल सहसा १४४०० सेकंद असतो, म्हणजे चार तास. पण नेमसर्व्हर कोणते ही नोंद वरच्या पातळीवर असते आणि डॉट कॉमसाठी तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस आहे. त्यामुळे नेमसर्व्हर बदलल्यावर पहिले दोन दिवस काही लोकांचे मेल जुन्या सर्व्हरवर जातात, काहींचे नवीन. ते हरवलेले नसतात, जुन्या मेलबॉक्समध्ये जाऊन बसलेले असतात. वर सांगितलं तसं जुनं वेबमेल उघडलं की सापडतील. तुम्ही बघाल तेव्हा तिथे कदाचित कालपरवाचेही मेल असतील, त्यांना आधी उत्तरं देऊन टाका.

दोन दिवस उलटून गेल्यावरही ठरावीक लोकांचेच मेल येत नसतील तर एक वेगळी गोष्ट तपासा, ही फार जणांना माहीत नसते. जुन्या सर्व्हरवर तुमचं डोमेन अजून "इथलं, लोकल" म्हणून नोंदलेलं आहे. त्याच सर्व्हरवर आणखी शेकडो लोकांच्या साइट आणि मेल असतात, त्यातल्या कुणी तुम्हाला मेल पाठवला तर तो सर्व्हर डीएनएसला विचारतच नाही, हे तर आपल्याकडचंच डोमेन म्हणून थेट जुन्या मेलबॉक्समध्ये टाकतो. असं महिनोन्महिने चालू राहू शकतं. मी एका ठिकाणी दोन आठवडे याच्यामागे होतो, एकाच पुरवठादाराचे मेल येत नव्हते, शेवटी कळलं की त्याचंही होस्टिंग त्याच जुन्या सर्व्हरवर होतं. उपाय सोपा आहे: जुन्या सीपॅनलमध्ये ईमेल राउटिंग नावाचं पान आहे, तिथे तुमच्या डोमेनसाठी "रिमोट मेल एक्सचेंजर" निवडा. त्यानंतर तो सर्व्हर तुमचे मेल बाहेर, योग्य ठिकाणी पाठवायला लागतो. जुन्या मेलबॉक्सना आणि त्यातल्या मेलना याने काही होत नाही, तरी मी हे मेल कॉपी झाल्यावरच करतो.

स्पॅमचा भाग जरा सविस्तर बघायला हवा. तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला, हे डीएनएसमध्ये तीन नोंदींनी सांगितलं जातं. एसपीएफ म्हणजे कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्यांची यादी. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरने केलेली सही, आणि ती सही तपासायची किल्ली डीएनएसमध्ये. डीमार्क म्हणजे ही तपासणी फसली तर समोरच्याने त्या मेलचं काय करावं, याची तुमची सूचना. पूर्वी हे असलं तर बरं अशा प्रकारचं होतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले, जीमेलवर पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी हवं, आणि दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे तिन्ही हवेत. तुम्ही ५००० पाठवत नसाल, तरी माझं मत स्पष्ट आहे की आठ मेलबॉक्सच्या ऑफिसनेही तिन्ही लावून घ्यावेत, कामच तासाभराचं आहे.

तुमच्याकडे काय झालं असेल ते ओळखायची पद्धत सांगतो. ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा, जीमेलमध्ये तो कॉम्प्युटरवर उघडा, तीन टिंबांच्या मेनूत "शो ओरिजिनल" म्हणा. वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क आणि प्रत्येकापुढे पास की फेल हे लिहिलेलं असतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे बघा, आणि मदत मागताना सपोर्टला याचाच स्क्रीनशॉट द्या. एसपीएफ फेल असेल तर शक्यता दोन. एक म्हणजे नवीन वहीत नोंदच नाही. दुसरी म्हणजे कुणीतरी जुनी नोंद कॉपी करून नवीनच्या शेजारी ठेवली आणि आता एका डोमेनला दोन एसपीएफ झाल्या. दोन एसपीएफ नोंदी म्हणजे दोन्ही बाद, नियमच तसा आहे, एकच नोंद हवी आणि तिच्यातच सगळे सर्व्हर लिहायचे. त्या यादीतून होणाऱ्या डीएनएस चौकशांनाही दहाची मर्यादा आहे, दोनचार न्यूजलेटर आणि बिलिंगच्या सेवा जोडल्या की ती पटकन भरते, तेव्हा वापरात नसलेल्या काढून टाका.

डीकिम फेल असेल तर लक्षात घ्या की डीकिमची किल्ली प्रत्येक सर्व्हरची वेगळी असते, जुनी कॉपी करून चालत नाही. नवीन सीपॅनलमध्ये "ईमेल डिलिव्हरॅबिलिटी" या पानावर जा. नेमसर्व्हर त्याच होस्टिंगचे असतील तर तिथे "रिपेअर" दाबलं की एसपीएफ आणि डीकिम दोन्ही लागतात. नेमसर्व्हर तिसरीकडे असतील, उदाहरणार्थ क्लाउडफ्लेअर या डीएनएस सांभाळणाऱ्या सेवेवर, तर ते पान फक्त काय लिहायचं ते दाखवतं, लिहायचं तुम्हालाच तिकडे जाऊन. इथे फार लोक फसतात: सीपॅनलचा झोन एडिटर (ही वही बदलायचं पान) उघडतात, बदल करतात, सेव्ह होतं, हिरवी खूण येते आणि प्रत्यक्षात काहीच बदलत नाही, कारण ती वही कुणी वाचतच नाहीये. म्हणून कुठलाही डीएनएस बदल करायच्या आधी सध्याचे नेमसर्व्हर कुणाचे आहेत ते बघायचं, मग तिथे जायचं. आणि डीकिमची २०४८ बिटची किल्ली लांबलचक असते, एका तुकड्यात २५५ अक्षरंच बसतात, त्यामुळे काही पॅनलमध्ये ती तुकडे करून टाकावी लागते, नाहीतर शेवटचा भाग कापला जातो आणि दिसायला सगळं ठीक दिसतं. क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर मेलच्या नावापुढचा नारिंगी ढग बंद ठेवा, तो ढग साइटचा ट्रॅफिक स्वतःतून नेतो, मेलचा नाही.

डीमार्क सुरुवातीला "नन" या पॉलिसीने लावा, म्हणजे काही अडवू नका फक्त रिपोर्ट पाठवा. काही आठवडे रिपोर्ट बघा, तुमच्या नावाने आणखी कोण कोण मेल पाठवतंय (बिलिंगचं सॉफ्टवेअर, न्यूजलेटर) ते कळेल, ते सगळे पास व्हायला लागले की मग "क्वारंटाइन". पहिल्याच दिवशी कडक पॉलिसी लावून स्वतःचीच बिलं अडवलेली मी पाहिली आहेत.

तिन्ही पास होऊनही मेल स्पॅममध्ये जात असतील तर मात्र प्रश्न सर्व्हरच्या आयपीचा असू शकतो. शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपीवरून शेकडो लोक मेल पाठवतात, त्यातल्या एकाची साइट हॅक झाली आणि तिथून स्पॅम गेला की नाव सगळ्यांचं खराब होतं. हे तुमच्या हातात नाही, सपोर्टला सांगून दुसऱ्या आयपीवरून पाठवायला सांगता येतं, इतकंच.

फॉर्मचं बघू. तुमची सेटिंग मला दिसत नाहीये, त्यामुळे कारण नेमकं सांगता येणार नाही, पण साइट हलवल्यानंतर फॉर्म बंद पडला की मी या क्रमाने बघतो. आधी हे की साइटमध्ये एसएमटीपी प्लगिन (मेल सर्व्हरवर लॉगिन करून मेल पाठवणारी जोडणी) आहे का. असेल तर त्यात मेल सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि पासवर्ड लिहिलेला असतो, साइट कॉपी झाली तेव्हा तो जुनाच आला. तिथे नवीन माहिती भरायची, पोर्ट ४६५ किंवा ५८७. प्लगिन नसेल तर साइट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या मेल फंक्शनने पाठवतेय, आणि काही होस्टिंगवाले ते बंद ठेवतात, किंवा तसे मेल पुढचे सर्व्हर संशयाने बघतात. तेव्हा एसएमटीपी लावूनच घ्या. आणि तिसरी, सगळ्यात जास्त सापडणारी चूक: फॉर्ममध्ये "पाठवणारा" म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता टाकलेला असतो. म्हणजे कुणी जीमेलचा पत्ता भरला की तुमचा सर्व्हर मी जीमेल आहे असं सांगत मेल पाठवतो, आणि तो मेल तुम्ही पुढे स्वतःच्या जीमेलवर घेत असाल तर तिथे तो अडण्याची किंवा स्पॅममध्ये जाण्याची शक्यता मोठी. पाठवणारा नेहमी आपल्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि भरणाऱ्याचा पत्ता "रिप्लाय टू" मध्ये टाका, उत्तर द्यायला बटण दाबलं की बरोबर त्यालाच जातं. या सगळ्यात सीपॅनलमधलं "ट्रॅक डिलिव्हरी" उघडून ठेवा, फॉर्म भरा आणि बघा मेल निघाला का, कुठे अडला, समोरून काय उत्तर आलं. तिथे काहीच दिसत नसेल तर मेल निघालेलाच नाही, दोष साइटच्या बाजूला आहे.

तर नवीन होस्टिंग खराब आहे का? तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही दिसत नाही. परत जुन्याकडे जाऊ नका. गेलात तर मधल्या दिवसांत नवीन बाजूला आलेले मेल तिथे अडकतील आणि हाच सगळा गोंधळ उलट्या दिशेने परत होईल.

पण एक विचार आता जरूर करा, की मेल साइटच्या होस्टिंगवर ठेवायचेच का. इथे सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. दोनतीन मेलबॉक्स असतील, दिवसाला पाचदहा मेल, तर सीपॅनलवरचं मेल पुरतं. पण तुमच्यासारखं आठ जणांचं ऑफिस, जिथे ऑर्डर आणि बिलं मेलवर चालतात, तिथे मी वेगळ्या मेल सेवेचा सल्ला देतो. साइट आणि मेल एकाच डिस्कवर असले की एकाने दुसऱ्याला बुडवायची सोय असते. बॅकअपच्या प्लगिनने रोज एक झिप फाइल पब्लिक एचटीएमएलमध्ये (साइटच्या फाइल्सचं फोल्डर) साठवली, एरर लॉग फुगला, जागा संपली आणि मेल परत जायला लागले, असं नेहमी होतं. सीपॅनलमध्ये प्रत्येक मेल ही बहुतेक वेळा एक वेगळी फाइल असते, त्यामुळे जागा शिल्लक असली तरी फाइल्सच्या संख्येची मर्यादा भरते आणि कुणाला कारणच कळत नाही. साइट हॅक झाली तर होस्टिंगवाला पूर्ण खातं थांबवतो, म्हणजे मेलही. वेगळी सेवा महाग पडते हे खरं, ती मेलबॉक्सप्रमाणे पैसे घेते. पण माहिती, विक्री, अकाउंट्स असे पत्ते प्रत्येकी मेलबॉक्स नसावेत, ते एखाद्या माणसाच्या मेलबॉक्सला जोडलेलं टोपणनाव म्हणून ठेवता येतात, तसं केलं तर आठचे कदाचित पाच होतील.

वेगळ्या सेवेवर गेलात तर नवीन सीपॅनलमध्येही ते ईमेल राउटिंग "रिमोट" करायला विसरू नका. नाहीतर बाहेरच्या सगळ्यांचे मेल व्यवस्थित येतील आणि फक्त स्वतःच्या साइटच्या फॉर्मचे मेल त्याच सर्व्हरवरच्या जुन्या मेलबॉक्समध्ये गुपचूप साठत राहतील.

जाताजाता तुमच्या साइटवाल्यासाठी, पुढच्या वेळेकरता. फक्त साइट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात लावायची गरज नसते, ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारी वहीतली नोंद) बदलला की साइट जाते आणि मेल जागेवर राहतं. मात्र सीपॅनलमध्ये इथेही एक खड्डा आहे. सीपॅनल जो एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे घ्यायचे ते सांगणारी नोंद) बनवतं तो सहसा थेट तुमच्या मूळ डोमेनकडेच बोट दाखवतो, आणि "मेल डॉट डोमेन" हेसुद्धा सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाला जोडणारी नोंद) म्हणून मूळ डोमेनलाच बांधलेलं असतं. मग साइटसाठी ए रेकॉर्ड बदलला की मेलही त्याच्यामागे फरफटत जातं. म्हणून आधी "मेल डॉट डोमेन" चा सीनेम काढून तिथे जुन्या सर्व्हरच्या आयपीचा स्वतंत्र ए रेकॉर्ड करायचा, एमएक्स त्याच्याकडे वळवायचा, एसपीएफमध्ये जुन्या सर्व्हरचा आयपी आहे ना बघायचं, मेल येतात-जातात का तपासायचं, आणि मगच साइटचा ए रेकॉर्ड बदलायचा. दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणून ठेवला तर चुकलं तरी पाच मिनिटांत मागे येता येतं. आणि काहीही करायच्या आधी जुन्या वहीचे सगळे रेकॉर्ड एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचे, अगदी काय आहे ते कळत नसलेले टीएक्सटी (साध्या मजकुराचे) रेकॉर्डसुद्धा. तुमची जुनी वही जुन्या पॅनलच्या झोन एडिटरमध्ये अजून असेल, आजच उतरवून घ्या.

तुम्ही हे ज्या क्रमाने कराल तो असा ठेवा: जुनं होस्टिंग वाढवणं, जुन्या वेबमेलमध्ये जाऊन न वाचलेल्यांना उत्तरं देणं, जुनी वही उतरवणं, मेल कॉपी करणं, मग एसपीएफ-डीकिम-डीमार्क, मग जुन्या बाजूचं राउटिंग, शेवटी फॉर्म. मेल कॉपी झाल्यावर आठही जणांना बसवून एकेक जुना मेल शोधायला लावा, दोन वर्षांपूर्वीचा एक आणि पाठवलेला एक. सगळ्यांना सापडले की महिनाभराने जुनं होस्टिंग सोडायला हरकत नाही.

आणि रजिस्ट्रारचं लॉगिन कुणाकडे आहे ते मात्र आज संध्याकाळपर्यंत शोधून काढा. ते साइटवाल्याच्या खात्यात असेल तर ऑफिसच्या नावावर करून घ्या, आणि त्या खात्याला संपर्काचा मेल याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेनची मुदत संपली की साइट आणि मेल दोन्ही एकदम बंद होतात, आणि रिन्यू करायची आठवण त्याच बंद पडलेल्या मेलवर येत राहते.

"शो ओरिजिनल" मध्ये काय आलं आणि नेमसर्व्हर सध्या कुणाचे आहेत, एवढं लिहा. डोमेनचं नाव आणि पासवर्ड इथे टाकू नका. त्या दोन गोष्टी कळल्या की एसपीएफची नोंद नेमकी कशी लिहायची ते सांगतो.